मे धरून

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, पगार किती ठरला?"

मी नुकतीच रुजू झाले होते. कोणत्या खुर्चीवर बसलं तर कोणाला राग येणार नाही, याचा अंदाज घेत स्टाफरूमच्या दारात उभी होते. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेले एक टाय लावलेले गृहस्थ उठले, हात जोडले आणि थेट हा प्रश्न. नाव नाही, गाव नाही, विषय नाही. मी 'ठीक आहे' असं काहीतरी पुटपुटले. ते म्हणाले, "ठीक हा आकडा नाही. माझा सांगतो. तासाला अडीचशे, मे महिन्यात शून्य." आणि जाऊन बसले. ओळख झाली होती, त्यांच्या बाजूने तरी.

भिवंडीहून खारबावकडे जाताना गोदामांच्या रांगा विरळ होतात, तिथे आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवायचे. ते कम्युनिकेशन स्किल्स शिकवायचे, म्हणजे चार लोकांत बोलावं कसं, अर्ज लिहावा कसा, मुलाखत द्यावी कशी. आमच्याकडे मानाची उतरंड अशी की वर इंजिनिअरिंगवाले, मध्ये आम्ही सायन्सवाले आणि तळाला हे. "बोलायला काय, सगळेच बोलतात," असं हेडक्लार्क उघड म्हणायचे. म्हणून या विषयाला कायम माणूस घ्यायचाच नाही, तासावर घ्यायचा. तास झाला की पैसे. तास नाही, पैसे नाहीत. परीक्षेच्या काळात कमी, दिवाळीत कमी आणि मे महिन्यात काहीच नाही.

ही काही आमच्याच कॉलेजची खासियत नव्हती. सरांनी सगळा मुलूख धुंडाळून ठेवला होता. कुठल्याही कॉलेजला फोन लावायचा आणि म्हणायचं, "कम्युनिकेशनच्या माणसाला तासाला काय देता?" समोरून फोन आपटला तर पुन्हा लावायचा. त्यामुळे कल्याणला तीनशे, ठाण्याला साडेचारशे, अंधेरीला सहाशे, हे त्यांना पाठ होतं. मग अंधेरीला का जात नाही, असं मी एकदा विचारलं. जाण्यायेण्यात आख्खा दिवस जातो आणि तास मिळतात दोन, असं म्हणाले. हिशेब त्यांचा पक्का होता आणि उपयोग शून्य.

पगार ते कोणालाही विचारायचे. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसले की रिक्षावाल्याला, बँकेत गेले की दारावरच्या वॉचमनला, दाढ दुखली तेव्हा दाढ काढणाऱ्या डॉक्टरला, तेही तोंडात कापूस असताना. आधी स्वतःचा सांगायचे, मग समोरच्याचा विचारायचे. लोक चिडत नसत. याचं श्रेय ते टायला द्यायचे. टाय लावलेल्या माणसाने पगार विचारला तर लोक जरा घाबरतात, आणि घाबरलेला माणूस खरं बोलतो, अशी त्यांची थिअरी होती. टाय एकच होता, मरून रंगाचा. त्याची गाठ ते वर्षातून एकदाच बांधत असावेत. मी तरी ती सुटलेली कधी पाहिली नाही.

वर्गात तर कहरच. अभ्यासक्रमात मुलाखतीचा एक धडा होता, दोन तासांचा. हे तो अर्धं वर्ष चालवायचे. मुलगा समोर उभा राहायचा आणि हे विचारायचे, "किती पगाराची अपेक्षा आहे?" पोरं आमच्याकडची. कोणाचा बाप लूमवर, कोणाचे लूम स्वतःचे, कोणाची जमीन गोदामात गेलेली. ती लाजून म्हणायची, "सर, आप जो ठीक समझें." मग सर म्हणायचे, मी शंभर रुपये ठीक समजतो, चालेल का? वर्ग हसायचा. मुलगा मग कसाबसा एक आकडा पुटपुटायचा. "खाली बघून नाही. माझ्याकडे बघून. आणि आवाज पडता कामा नये." आवाज पडला की मार्क कापायचे. आकडा घशात अडकला की समोरचा तिथूनच कापायला सुरुवात करतो, हे त्यांचं लाडकं वाक्य. भिंतीपलीकडे मी प्रकाशाचं वक्रीभवन शिकवत असायचे आणि इकडून आरोळ्या यायच्या, "पच्चीस हजार सर! तीस हजार सर!" भाजीबाजार बरा.

लूमच्या घरातली पोरं मुळातच मोठ्याने बोलतात. खटखटाटात वाढलेली, हळू बोलून त्यांच्या घरात भाकरीसुद्धा मिळत नाही. बाकीचे आम्ही त्यांना दिवसभर हळू बोला म्हणून दटावायचो. सर म्हणायचे, देवाने दिलंय ते का काढून घेता? एका वर्षी तर त्यांनी तोंडी परीक्षा एका विद्यार्थ्याच्या लूमशेडच्या दारात घेतली. आत माग चालू, बाहेर बाकावर सर, आणि पोरांनी त्या आवाजाच्या वरताण आवाजात आपली ओळख आणि आपला अपेक्षित पगार सांगायचा. प्रिन्सिपॉलांनी मेमो दिला. सरांनी तो वर्गात नेला आणि कार्यालयीन पत्राचा नमुना म्हणून शिकवला.

सुट्टीला जाताना ते मुलांना एक गृहपाठ द्यायचे. घरी बापाला विचारायचं, "अब्बा, तुम्ही किती कमावता?" आईला विचारायचं. उत्तर वर्गात सांगायचं नाही, फक्त विचारलं की नाही एवढंच सांगायचं. यावरून एकदा एक लूमवाले गृहस्थ तणतणत आले. जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात दोन पेनं. "मास्तर, माझा पोरगा मला विचारतो किती कमावता. तुम्ही काय इन्कम टॅक्सचे माणूस हाय काय?" सरांनी त्यांना बसवलं आणि सवयीप्रमाणे आधी स्वतःचा आकडा सांगितला. तासाला अडीचशे, महिन्याला पंधरा हजार पडतात, मे महिन्यात शून्य. त्या गृहस्थांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "आमचा मेहताजी बीस लेता है." मेहताजी म्हणजे कारखान्याचा हिशेब बघणारा. "आमच्याकडे या ना मास्तर. बारा महिने पगार देतो." सरांनी विचार करून सांगतो म्हटलं. मला वाटतं, त्यांनी खरंच विचार केला होता.

मे महिन्यात ते काय करायचे, हे मला उशिरा कळलं. आमच्या शिपायाच्या मुलीची हळद होती, वज्रेश्वरीच्या अलीकडे एका पाड्यात. आगरी हळद म्हणजे आख्खं गाव मांडवात आणि डीजे पार छातीत. मध्येच डीजे थांबला आणि माईकवरून ओळखीचा आवाज आला. सर. टायसकट. पाहुण्यांचं स्वागत आणि आहेराची पुकार करत होते. लग्नसराईभर ते हेच करायचे, एका हळदीचे ठरलेले पैसे, वर जेवण. इतर पुकारणारे कसे करतात, तर मोठा आहेर असला की नाव दोनदा, आकडा तीनदा, आणि लहान असला की नुसतं 'यांच्याकडून प्रेमाची भेट'. सर पाच हजार एक आणि एकावन्न एकाच आवाजात पुकारायचे. पुढच्या रांगेत एक म्हातारी होती, तिचे एकावन्न त्यांनी असे खणखणीत पुकारले की तिने मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. आमचा शिपाई माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, सर चांगला हाय, पन मोठी मान्सं रुसतात."

जेवताना सर माझ्या शेजारी येऊन बसले. काही लपवायचं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. म्हणाले, बायको माहेरी गेलीय, दर मे महिन्यात जाते. मी आपलं म्हटलं, बरं आहे, तिलाही विसावा. ते म्हणाले, "विसावा कसला मॅडम. एक ताट कमी व्हावं म्हणून जाते. भावजय तोंड वाकडं करते, तरी जाते. मला एकदा मे महिन्याचा पगार घ्यायचाय. तिला एक उन्हाळा आपल्या घरात काढू द्यायचाय." एवढं बोलून ते माईककडे गेले.

आता कायम माणसांचं सांगते, म्हणजे आमचं. आमचा पगार सरकारी स्केलप्रमाणे बँकेत यायचा, सत्तावन्न हजार सातशे. कागदावर कॉलेज सोन्यासारखं. मग आठवडाभरात आम्ही प्रत्येकी बावीस हजार काढायचे, साध्या पाकिटात घालायचे आणि ऑफिसच्या काउंटरवर हेडक्लार्ककडे द्यायचे. त्याला पाकीटच म्हणायचे. "पाकीट दिलंस का गं?" असं आम्ही एकमेकींना दूधवाल्याचं बिल दिलंस का, अशा सुरात विचारायचो. कशाबद्दल, कोणाला, असं कोणी विचारत नसे. संस्थेचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणायचे, ते म्हणायचे की कॉलेज उभं राहायला पायजे, तर सगळ्यांनी हात लावायला पायजे. सर तासावरचे, त्यांना हे पाकीट नव्हतं. पण त्यांना आमचा आकडा माहीत होता. दर महिन्याला ते आम्हाला विचारायचे, "पावती मिळाली का?" आम्ही हसण्यावारी न्यायचो.

मग एका वर्षी संस्थेलाच सरांची गरज पडली. विद्यापीठाची मान्यता टिकवायची तर कम्युनिकेशनला एक तरी कायम माणूस हवा, असा नियम दाखवला गेला. बाहेरून कोणी आणण्यापेक्षा हे घरचेच बरे. फेब्रुवारीत कमिटी येणार होती, ती सरांना भेटणार आणि पसंत केलं तर ते कायम होणार. मे धरून बारा महिने पगार. त्या दिवसांत ते इतके गप्प झाले होते की कॅन्टीनवाल्याने मला विचारलं, सरांना बरं नाही का.

कॉलेजला वेगळीच धास्ती. या माणसाने कमिटीसमोर पाकिटाचं तोंड उघडलं तर? प्रिन्सिपॉलांनी मला बोलावून घेतलं, मॅडम, तुमचं ऐकतात, जरा समजवा. मी समजावलं. म्हटलं, सर, एकदा कायम व्हा, मग काय ते तत्त्व. घरी वहिनी आहेत. ते म्हणाले, "बघू."

कमिटीच्या फायली माझ्याकडे होत्या, त्यामुळे मी खोलीतच होते. शेठ सोफ्यावर. तिघे सभासद काजू खात होते. एकाने सहज विचारलं, कायम झाल्यावर तुम्हाला पगार किती ठरलाय? प्रिन्सिपॉलांचा हात पाण्याच्या ग्लासावर थांबला. सर उठून उभे राहिले आणि त्या सभासदाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "सत्तावन्न हजार सातशे रुपये, दर महिन्याला, मे धरून." खोलीबाहेर गेला असेल असा आवाज. मग जरा थांबून म्हणाले, "आणि आपला?" सभासद हसले, शेठ हसले, सगळेच हसले. सुटलो म्हणून.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, सर, तुम्ही चक्क खोटं बोललात. मला थोडं वाईटही वाटलं होतं, का कोण जाणे. ते टाय नीट करत म्हणाले, "अजून खोटं नाही मॅडम. जूनमध्ये कळेल."

मंजुरीचं पत्र एप्रिलच्या शेवटी आलं आणि त्यांची नेमणूक एक मेपासून धरली गेली. त्या उन्हाळ्यात सरांनी एकही हळद घेतली नाही. वहिनी घरी राहिल्या. उसने पैसे आणून त्यांनी घरात कूलर घेतला, आणि पगार येण्याआधीच आंब्याची पेटी आणून सगळ्या बिल्डिंगला वाटली. हे त्यांनीच मला फोन करून सांगितलं, आकड्यांसकट. माणूस इतका खुश असलेला मी आयुष्यात फार वेळा पाहिलेला नाही.

जूनमध्ये मे महिन्याचा पगार जमा झाला. सर पाकीट घेऊन काउंटरवर गेले. ॲडमिशनचे दिवस, ऑफिससमोर पालकांची ही गर्दी. लूमवाले, गोदामवाले, रात्रपाळी करून थेट आलेले बाप, बुरख्यातल्या आया, सगळ्यांच्या हातात फीचे पैसे. सरांनी पाकीट वर धरलं आणि आपल्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "मी इथला कम्युनिकेशनचा प्राध्यापक. मे महिन्याचा पगार सत्तावन्न हजार सातशे मिळाला. त्यातले बावीस हजार कॉलेजला परत करायला आणलेत. पावती द्या."

हेडक्लार्कचा चेहरा पडला. सर, आत या ना, असं म्हणाले. सर म्हणाले, आत कशाला, काउंटर इथे आहे. गर्दीतून एक माणूस, लूमवर काम करणारा असावा, केसांत कापसाचे तंतू, पुढे झाला आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "सर, आप वापस क्यूँ दे रहे हो? फीस तो हमने भरी है." हेडक्लार्क म्हणाले, आज राहू द्या. सर पाकीट खिशात घालून घरी गेले.

जुलैतही तसंच. मग शेठनी त्यांना बोलावलं. काय झालं ते सरांनी येऊन सांगितलं. शेठ आवाज न चढवता म्हणाले, मास्तर, तुमचा न्हाय पायजे आपल्याला. ठेवा तुमच्याकडं, जा. सर स्टाफरूममध्ये आले तेव्हा त्यांचं पाऊल जमिनीवर नव्हतं. "बघा, नुसतं मोठ्याने बोललो. तुम्ही अकरा जण आहात. सगळ्यांनी एकदम पावती मागा. काय करतील?" आम्ही वह्या तपासत होतो. तपासतच राहिलो.

ऑगस्टमध्ये हेडक्लार्कनी आम्हा प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं की यापुढे पाकीट चोवीस हजारांचं. वाढ का, असं विचारायची गरज नव्हती. बावीस हजारांना अकराने भाग जातो, शेठ शाळेत कच्चे नसावेत. सरांचा वाटा आमच्यात वाटला होता.

मला शेठचा राग आला नाही. म्हणजे यायला हवा होता, पण शेठ कधी दिसायचेच नाहीत आणि हे समोर बसलेले, टाय लावून, पूर्ण पगारवाले. स्टाफरूमचा चहा यायचा तेव्हा त्यांचा कप मोजेनासे झालो. कोणी ठरवलं नव्हतं, आपोआपच झालं. ते स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन कॅन्टीनला जाऊ लागले. काय बिनसलंय, ते त्यांना कळेना. दोन आठवडे गेल्यावर त्यांनी मला जिन्यात थांबवलं.

"मॅडम, काय झालंय?"

मी सांगितलं. दोन हजार.

"प्रत्येकाचे?"

"हो."

त्यांनी कठड्याला हात टेकला. मग नेहमीच्या सुरात म्हणाले, "मग आता तर मागायलाच हवी पावती. मी तुमच्याबरोबर येतो. मी बोलतो, तुम्ही नुसत्या उभ्या राहा." मी म्हटलं, सर, मेकॅनिक्सच्या मॅडमचं घराचं कर्ज आहे. ड्रॉइंगच्या सरांना दुसरीकडे कोणी घेणार नाही. माझी मुलगी बारावीला आहे. "आम्ही तुमच्यासारखे नाही. तुम्ही मोठ्याने बोलता, त्याचे पैसे आम्ही भरतो." हे मी जसं आहे तसं सांगितलं. त्यांनीच शिकवलं होतं, समोर बघून, आवाज न पाडता.

त्यांनी आणखी एक महिना वाट पाहिली. रोज सकाळी दारात उभे राहून एकेकाच्या तोंडाकडे बघायचे, कोणीतरी म्हणेल, चला सर. कोणी म्हणालं नाही.

ऑक्टोबरात मी पाकीट द्यायला गेले तर माझ्या पुढे सर उभे. ऑफिस रिकामं होतं. त्यांनी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि सरकवलं. हेडक्लार्क इतके महिने दबून होते, त्यांनी आता दोन्ही कोपर टेकले आणि हसत विचारलं, "काय सर, पावती फाडू?"

"नको."

हेडक्लार्कना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. सरांनी मान हलवली. नोटा मोजून होईपर्यंत ते खाली बघत उभे होते. मग वळले, मला पाहिलं आणि बाजूला सरकले. "या मॅडम, पुढे व्हा."

मी पुढे झाले. हेडक्लार्कनी माझ्या पाकिटातले दोन हजार काढून परत दिले. माझं पाकीट पुन्हा बावीस हजारांचं झालं होतं. मला बरं वाटलं.